राखणीची आणि ऐक्याची प्रार्थना

मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात इजिप्तहून आलेल्या पपायरसांचा मोठा संग्रह आहे. त्यात वीतभर लांबीचा, कडा झिजलेला एक तुकडा आहे आणि त्यावर ग्रीक अक्षरांत दहाएक ओळी आहेत. अडचणीत सापडलेल्या माणसांनी देवमातेच्या करुणेखाली आसरा मागावा, धोक्यातून सुटकेची याचना करावी, एवढाच त्यांचा आशय. १९३८ साली हा मजकूर प्रसिद्ध झाला तेव्हापासून त्याच्या काळाविषयी तज्ज्ञांची चर्चा चालू आहे. अनेक जण तो तिसऱ्या शतकातला मानतात, काही जण बराच नंतरचा. तो कोणी लिहिला, कोणत्या संकटात लिहिला, हे कागद सांगत नाही. मागणारा एकटा नाही, समूह आहे, एवढे मात्र तो स्पष्ट सांगतो.

या तुकड्यापेक्षा त्याच्यावरच्या प्रार्थनेचा पुढचा प्रवास अधिक विलक्षण आहे. ४५१ साली खाल्कीदोनच्या धर्मपरिषदेनंतर इजिप्तमधील कॉप्टिक मंडळी आणि बायझंटाईन मंडळी वेगळ्या झाल्या. १०५४ साली रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यात बहिष्काराची पत्रे फिरली. धर्मगुरूंनी एकमेकांची नावे उपासनेतून वगळली. ही प्रार्थना मात्र तिन्ही परंपरांत राहिली आणि आजही तिन्हींत म्हटली जाते. प्रॉटेस्टंट मंडळ्या मरियेला उद्देशून प्रार्थना करत नाहीत, त्यामुळे त्यांच्या उपासनेत ती नाही. पण राखणीसाठी त्याही स्तोत्रसंहितेतल्या ९१ व्या स्तोत्राकडे वळतात, आणि ते स्तोत्र तर सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांना रोज रात्री निजण्यापूर्वी म्हणायला सांगितलेले. ज्यांचे सिद्धांतांवर पटले नाही, त्यांची भीतीच्या वेळची भाषा शतकानुशतके सारखी राहिली. ख्रिस्ती ऐक्याचा इतिहास लिहिताना परिषदा, ठराव आणि जाहीरनामे यांची नोंद होते. अंधार पडल्यावर म्हटलेल्या या प्रार्थनांची नोंद कमी होते. ती करण्याचा, आणि त्या मागण्या कुठून आल्या, कशा भरकटल्या, कशा सावरल्या हे सांगण्याचा पुढील पानांचा हेतू आहे.

मुळाशी जायचे तर जेरुसलेमातल्या एका रात्रीपाशी जावे लागते. योहानाच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय सव्वीस वचनांचा आहे आणि तो जवळजवळ सगळा प्रार्थनाच आहे. शिष्यांचे पाय धुऊन झाले आहेत, यहूदा बाहेर पडला आहे, थोड्याच वेळात किद्रोनचा ओहळ ओलांडून बागेत जायचे आहे. सोळाव्या शतकातील लुथरन पंडित डेव्हिड खित्रेउस याने या अध्यायाला महायाजकाची प्रार्थना म्हटले आणि ते नाव रूढ झाले. येशू इथे प्रथम आपल्या कार्याविषयी बोलतो, मग सोबतच्या शिष्यांसाठी मागतो, मग त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून पुढे येणाऱ्या सगळ्यांसाठी.

अकराव्या वचनात पित्याकडे मागणे आहे ते शिष्यांना राखण्याचे, आणि त्याच वाक्यात कारण येते : ते एक व्हावेत म्हणून. पंधराव्या वचनात मागणे अधिक नेमके होते. त्यांना जगातून उचलून ने असे येशू म्हणत नाही, जगात ठेवूनच दुष्टापासून राखावे असे म्हणतो. एकविसाव्या वचनात ऐक्याची व्याप्ती पुढच्या पिढ्यांपर्यंत जाते आणि जगाने विश्वास ठेवावा हा त्याचा उद्देश सांगितला जातो. म्हणजे राखण आणि ऐक्य यांची इथे वेगवेगळी यादी नाही. कशापासून राखायचे, तर जे फोडते त्याच्यापासून. नंतरच्या काळात मात्र या दोन मागण्यांची फारकत झाली. राखणीची प्रार्थना घरात, आजाऱ्याच्या उशाशी, प्रवासाला निघताना म्हणायची झाली. ऐक्याची प्रार्थना वर्षातून एकदा, बिशपांच्या उपस्थितीत, छापील कार्यक्रमपत्रिकेवरून म्हणायची झाली. पहिली तळमळीची राहिली आणि दुसरी शिष्टाचाराची. ही फारकत भरून काढल्याशिवाय दोन्हींना बळ येणार नाही, असे या लेखनामागचे ठाम मत आहे.

पौलाच्या नावावर असलेल्या इफिसकरांस पत्रातही हेच दिसते. देवाची शस्त्रसामग्री धारण करण्याविषयीचा सहाव्या अध्यायातील उतारा मराठी मंडळ्यांत लहान मुलांनाही पाठ असतो. शाळेच्या संमेलनात पुठ्ठ्याची ढाल आणि टोप घालून तो सादर केला जातो. त्याच्या आधी चौथ्या अध्यायात ऐक्याचा मोठा उतारा आहे, शरीर एक, आत्मा एक, आशा एक, असे सात वेळा एकत्व मोजणारा, हे तितके लक्षात राहत नाही. शस्त्रसामग्रीचा उतारा झगडा माणसांशी नसल्याचे आधीच बजावतो आणि शेवटी सर्व पवित्र जनांसाठी प्रार्थना करायला सांगतो. ढालीचे आणि तलवारीचे वर्णन ऐकून कोणी शेजाऱ्यावर चालून जाऊ नये याची पुरेपूर तजवीज त्या पत्रातच आहे.

तरीही माणसे चालून गेली. १६१८ ते १६४८ ही तीस वर्षे मध्य युरोपात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट सैन्ये एकमेकांविरुद्ध लढली आणि दोन्ही छावण्यांत रक्षणासाठी प्रार्थना झाल्या. त्या युद्धात राजकारण होते, घराणेशाही होती, प्रदेशाची हाव होती. पण गावोगावी साध्या माणसाला शत्रूची ओळख पटवली गेली ती उपासनेच्या पद्धतीवरून. राखणीच्या प्रार्थनेला हा धोका कायमचा चिकटलेला आहे. दुष्टापासून सोडव म्हणता म्हणता दुष्ट म्हणजे पलीकडच्या गल्लीतली मंडळी, असे मनाने ठरवून टाकले की प्रार्थनाच फुटीचे हत्यार होते. आजही काही प्रार्थनासभांत शेजारच्या पंथाला सैतानाच्या बाजूला बसवून विनवण्या होतात. त्या म्हणणाऱ्यांची तळमळ खरी असते, म्हणूनच हे अधिक दुःखाचे आहे.

त्या युद्धाने देशोधडीला लावलेल्यांत बोहेमिया-मोरेव्हियातील बंधुसंघ होता. यान आमोस कोमेनियस हा थोर शिक्षणतज्ज्ञ त्याचा बिशप. १६७० साली तो परदेशातच वारला. त्यानंतर अर्ध्या शतकाने, १७२२ साली, मोरेव्हियातली काही कुटुंबे रात्रीतून डोंगर ओलांडून सॅक्सनीत आली. निकोलाउस त्सिन्त्सेनडॉर्फ या तरुण सरदाराने त्यांना आपल्या जहागिरीत जागा दिली. ख्रिश्चन डेव्हिड या सुताराने त्या वर्षीच्या जूनमध्ये पहिले झाड तोडले आणि वस्ती उभी राहू लागली. हेर्नहूट असे तिचे नाव ठेवले, म्हणजे प्रभूची राखण.

नाव राखणीचे, आणि आत भांडणे. मोरेव्हियातल्यांच्या मागोमाग लुथरन आले, रिफॉर्म्ड आले, श्वेंकफेल्डचे अनुयायी आले. छळातून सुटून आलेली ही माणसे; प्रत्येकाने आपल्या श्रद्धेसाठी घरदार सोडलेले, म्हणून प्रत्येकाला आपलीच श्रद्धा शुद्ध वाटे. प्रभुभोजन कसे घ्यायचे, स्थानिक पाळकाचे ऐकायचे की नाही, यावरून वस्ती दुभंगली. काहींनी तर आश्रय देणाऱ्या त्सिन्त्सेनडॉर्फलाच प्रकटीकरणाच्या पुस्तकातले श्वापद ठरवले. बाहेरच्या शत्रूपासून निसटलेली माणसे आतून कशी फुटतात याचे इतके स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

त्सिन्त्सेनडॉर्फने ड्रेस्डेनच्या दरबारातले काम बाजूला ठेवले आणि १७२७ च्या वसंतात तो वस्तीतच राहायला आला. घरोघर गेला, बसला, ऐकले. १२ मे रोजी एकत्र राहण्याचे नियम वाचून दाखवले आणि लोकांनी ते मान्य केले. उन्हाळाभर लहान लहान गटांत प्रार्थना चालल्या. १३ ऑगस्टला शेजारच्या बेर्टेल्सडॉर्फच्या देवळात प्रभुभोजन झाले आणि वर्षानुवर्षे अबोला धरलेले लोक तिथे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. मोरेव्हियन मंडळी तो दिवस आजही पाळते. खरे काम त्यानंतर सुरू झाले. २७ ऑगस्टपासून चोवीस पुरुष आणि चोवीस स्त्रियांनी दिवसाचे तास वाटून घेतले, प्रत्येकाने आपला तास प्रार्थनेला दिला. देवाच्या मंडळीवर अखंड पहारा असावा ही त्यामागची कल्पना. गावराखणीला घराघराची पाळी लागावी तसा हा क्रम लागला आणि पिढ्या बदलत शंभर वर्षांहून अधिक काळ चालू राहिला.

एका चांगल्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येते आणि आठवड्याभरात जुने हिशेब पुन्हा निघतात, हा सगळ्याच मंडळ्यांचा अनुभव. हेर्नहूटने त्या दिवसाला वेळापत्रक दिले. पहाटे तीनचा तास कोणाचा हे ठरलेले असेल तर त्या माणसाला ज्याच्याशी पटत नाही त्याच्यासाठीही मागावे लागते, कारण तोही त्याच वस्तीत झोपलेला असतो. पाच वर्षांनी, १७३२ मध्ये, या चिमुकल्या वस्तीतून दोन जण कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावर गुलामांमध्ये काम करायला निघाले. एकोणिसाव्या शतकात त्यांचे उत्तराधिकारी लाहौल आणि लडाखपर्यंत पोचले. लेहमध्ये मोरेव्हियन मंडळी आजही आहे. जुलै २०२४ मध्ये हेर्नहूटचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

विसाव्या शतकात ऐक्याच्या प्रार्थनेला तारखा मिळाल्या. न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसन नदीकाठी ग्रेमूर येथे पॉल वॉटसन या अँग्लिकन फ्रान्सिस्कनाने १९०८ साली १८ ते २५ जानेवारी असे आठ दिवस ऐक्यासाठी प्रार्थना सुरू केली. ल्युराना व्हाईट ही त्याच्या संघाची सहसंस्थापिका. आरंभ पेत्राच्या आसनाच्या सणाला आणि शेवट पौलाच्या परिवर्तनाच्या सणाला, अशी त्या आठवड्याची रचना. वॉटसनच्या मनातले ऐक्य साधे होते : सगळ्यांनी रोमकडे परतावे. पुढच्याच वर्षी तो आणि त्याचा संघ कॅथलिक मंडळीत गेला. पोपची संमती मिळाली, कॅथलिक जगात हा आठवडा पसरला. आणि तिथेच अडला, कारण ज्यांनी परतावे अशी प्रार्थना होती त्यांना त्या प्रार्थनेत आमेन म्हणता येईना.

ही अडचण सोडवणारा माणूस ल्यों शहरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होता. पॉल कुतुरिए हा कॅथलिक धर्मगुरू १९२० च्या दशकात रशियातून परागंदा झालेल्या निर्वासितांच्या मदतीला लागला. त्या ऑर्थोडॉक्स माणसांची भक्ती त्याने जवळून पाहिली आणि आपण ज्यांना चुकलेले मानत होतो त्यांच्यापाशी इतके काही आहे, याने तो हलून गेला. १९३३ मध्ये त्याने ल्योंमध्ये तीन दिवसांची प्रार्थना भरवली, पुढच्या वर्षी ती आठ दिवसांची केली. लवकरच त्याने मागण्याची दिशाच बदलली. अमुक एका मंडळीकडे या, असे मागायचे नाही. ख्रिस्ताला हवे ते ऐक्य, त्याला हव्या त्या मार्गाने आणि त्याला हवे तेव्हा व्हावे, एवढेच मागायचे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, प्रॉटेस्टंट, सगळ्यांना ही प्रार्थना आपापल्या देवळात, आपला सिद्धांत न सोडता म्हणता आली. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पंथांत राहून एकमेकांसाठी मागणाऱ्या माणसांच्या समूहाला तो अदृश्य मठ म्हणे.

कुतुरिएच्या या बदलाचे महत्त्व पुरते ओळखले गेलेले नाही. ऐक्य मागणारा बहुधा त्या ऐक्याचा नकाशा खिशात घेऊनच गुडघे टेकतो. तो नकाशा बाहेर ठेवायला सांगणे ही मोठी मागणी होती, आणि त्याने ती प्रथम स्वतःकडून केली. त्याच वाटेने १९३७ मध्ये दोंब येथील मठात कॅथलिक धर्मगुरू आणि प्रॉटेस्टंट पाळक यांचा एक गट एकत्र बसू लागला; दोंबचा गट म्हणून तो आजही काम करतो. १९४४ मध्ये गेस्टापोने कुतुरिएला पकडून काही आठवडे ल्योंच्या मोंल्यूक तुरुंगात ठेवले. प्रकृती खचली, पत्रव्यवहार थांबला नाही. २४ मार्च १९५३ रोजी तो वारला.

त्या काळी एकत्र प्रार्थना करणे किती अवघड होते याची आज कल्पना येत नाही. १९२८ मध्ये पोप पायस अकरावे यांनी कॅथलिकांना आंतरपंथीय ऐक्यपरिषदांपासून दूर राहायला सांगितले होते. १९४९ च्या डिसेंबरमध्ये रोमने थोडी कवाडे किलकिली केली : संयुक्त बैठकीच्या आरंभी किंवा शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायला परवानगी मिळाली. प्रभूने स्वतः शिकवलेली, दुष्टापासून सोडवण्याची मागणी असलेली प्रार्थना एकत्र म्हणायला अधिकृत परवानगी लागावी, इतकी दरी पडली होती. चौदा वर्षांनी, जानेवारी १९६४ मध्ये, पोप पॉल सहावे आणि कॉन्स्टँटिनोपलचे कुलपती अथेनागोरस जेरुसलेमात भेटले तेव्हा दोघांनी मिळून योहानाचा सतरावा अध्याय वाचला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्याविषयीचा आदेश संमत केला आणि प्रार्थनेला या चळवळीचा आत्मा म्हटले. १९६५ च्या डिसेंबरात १०५४ चे परस्परबहिष्कार मागे घेतले गेले. १९६८ पासून जानेवारीच्या त्या आठवड्याचे साहित्य रोम आणि जागतिक मंडळी परिषद मिळून तयार करतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. इथल्या मराठी ख्रिस्ती माणसाचा पंथ बहुतेक वेळा त्याने निवडलेला नव्हता. त्याच्या तालुक्यात कोणते मिशन आले यावर तो ठरला. वसई आणि गोव्यात सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांमुळे कॅथलिक. मुंबई आणि नगर जिल्ह्यात १८१३ पासूनच्या अमेरिकन मराठी मिशनमुळे काँग्रिगेशनल. कोल्हापूरला अमेरिकन प्रेस्बिटेरियन, नागपूरला १८४५ पासून स्टीफन हिस्लॉप यांच्या स्कॉटिश मिशनचे, नाशिकला अँग्लिकन. युरोपातली भांडणे ज्यांच्या पूर्वजांनी पाहिलीही नव्हती, त्यांना त्या भांडणांची आडनावे चिकटली.

हा अन्याय सर्वांत आधी आणि सर्वांत धीटपणे बोलून दाखवला तो पंडिता रमाबाईंनी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा आणि त्यांची मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. ज्या अँग्लिकन भगिनींनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याशीच, विशेषतः सिस्टर जेराल्डीन यांच्याशी, त्यांचा पुढे दीर्घ वाद झाला. ती पत्रे उपलब्ध आहेत. वेदशास्त्रांत मुरलेली ही विदुषी एका पंथाचा साचा जसाच्या तसा स्वीकारायला तयार नव्हती. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी इंग्लंडात पाहिलेले अनेक पंथ आणि त्यांच्या परस्परविरोधी शिकवणीने मनात उडालेला गोंधळ यांविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. हिंदू धर्मातल्या मतमतांतरांतून बाहेर आलेल्या बाईला ख्रिस्ती जगात तोच पसारा दिसावा, ही त्यांची वेदना होती.

केडगावचे मुक्ती सदन त्यांनी कोणत्याही एका पंथाला बांधले नाही. दुष्काळातून, परित्यक्तपणातून, बालवैधव्यातून आलेल्या मुली आणि स्त्रिया तिथे राहत. त्यांना राखणीची गरज पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी तिथे विशेष प्रार्थना सुरू केल्या. रोज प्रार्थनेला जमणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि जूनच्या अखेरीस जी आध्यात्मिक जागृती झाली तिची वार्ता जगभर गेली. मिनी अब्रम्स या मेथडिस्ट कार्यकर्तीचा त्यात मोठा वाटा होता. या घटनेचे वर्णन करताना पुष्कळदा रडणे, ओरडणे, दृष्टान्त यांवरच भर दिला जातो. त्याआधीचे महिने महिने चाललेले नियमित मागणे, आणि वेगवेगळ्या पंथांतून आलेल्या स्त्रियांनी एका छताखाली केलेले मागणे, हे अधिक मोलाचे होते.

त्याच काळात नारायण वामन टिळकांची पदे आणि अभंग मिशनांच्या कुंपणांवरून उड्या मारत होते. टिळक काँग्रिगेशनल मंडळीत काम करत, पण त्यांची गीते अँग्लिकनांनी गायली, प्रेस्बिटेरियनांनी गायली. ‘उपासना संगीत’ हे मराठी मंडळ्यांचे गीतपुस्तक उघडले की समितीने जे जोडायचे ते चालीने आधीच कसे जोडले होते हे कळते. १९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला तो तर बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सगळ्याच ख्रिस्तभक्तांसाठी.

औपचारिक ऐक्याला मात्र वेळ लागला. दक्षिण भारतात ते २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कथीड्रलमध्ये घडले. उत्तरेत बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली आणि संपली २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपूरच्या ऑल सेंट्स कथीड्रलच्या आवारात. सहा मंडळ्या त्या दिवशी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाल्या : अँग्लिकन, युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. अमेरिकन परंपरेची मोठी मेथडिस्ट मंडळी ऐनवेळी मागे राहिली.

एकेचाळीस वर्षे कशात गेली? एक मोठी गाठ होती दीक्षेची. अँग्लिकनांच्या मते बिशपच्या हस्तार्पणाशिवाय दीक्षा पूर्ण नाही. इतरांच्या मते त्यांच्या पाळकांना देवाने कधीच दीक्षा दिलेली आहे, ती पुन्हा घेणे म्हणजे आधीचे आयुष्य खोटे म्हणणे. दोन्ही बाजूंनी मागे हटणे शक्य नव्हते. नागपूरला जो विधी झाला त्यात सगळ्यांनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवले आणि देवाला मागितले की ज्याला जे उणे असेल ते त्याने द्यावे. कोणाला काय उणे होते याचा निवाडा विधीने केला नाही. काही टीकाकारांना ही पळवाट वाटली. पण इथे कुतुरिएचीच वाट आहे : जे आपल्याला ठरवता येत नाही ते प्रामाणिकपणे देवाच्या हाती सोपवायचे आणि तरीही हात पुढे करायचा. तर्काने न सुटलेला पेच प्रार्थनेच्या रचनेने सोडवल्याची ही घटना महाराष्ट्राच्या भूमीवर झाली, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे.

त्यानंतर सगळे सुरळीत झाले असे नाही. मालमत्तेवरून वाद झाले. गुजरातेतील ब्रदरन मंडळीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये निकाल लागला. त्याच वर्षी जानेवारीच्या ऐक्य-आठवड्याचे जगभर वापरले गेलेले साहित्य भारतातून गेले होते. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट ऑफ इंडियाच्या शताब्दीनिमित्त ते काम या विद्यार्थी संघटनेकडे आले. नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतीय राष्ट्रीय मंडळी परिषदेचा आणि कॅथलिक विद्यार्थी संघटनेचा त्यात सहभाग होता. त्यांनी मीखा संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायाचा आधार घेतला आणि दलितांवरील अन्याय हा विषय मध्यभागी ठेवला. पंथ एक झाले आणि जात तशीच राहिली तर ते ऐक्य कसले, हा प्रश्न भारतीय तरुणांनी रोमपासून जिनिव्हापर्यंतच्या देवळांत नेला. बाकांच्या रांगा आणि दफनभूमीचे कोपरे जातीने वाटून घेतलेली मंडळी कोणापासून राखण मागते, हे तिला विचारलेच पाहिजे.

राहतो तो सर्वांत कठीण प्रश्न. राखण मागितली आणि मिळाली नाही तर?

फेब्रुवारी २०१५ मध्ये लिबियात सिर्तजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर एकवीस मजुरांचा शिरच्छेद करण्यात आला. वीस जण इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती होते, बहुतेक मिन्या प्रांतातल्या खेड्यांतून पोटासाठी गेलेले. एकविसावा, मॅथ्यू अयारिगा, घानाचा होता. मारेकऱ्यांनीच केलेल्या चित्रफितीत त्यांचे ओठ येशूचे नाव घेताना हलत होते. मँचेस्टरच्या तुकड्यावरची प्रार्थना ज्या परंपरेत टिकून राहिली तिचीच ही लेकरे. लहानपणापासून त्यांनी राखण मागितलेली. पोप फ्रान्सिस यांनी रक्ताने झालेले ऐक्य म्हणून त्यांचा उल्लेख केला आणि मे २०२३ मध्ये, कॉप्टिक पोप तवाद्रोस दुसरे रोममध्ये आले असताना, या एकवीस जणांची नावे कॅथलिक मंडळीच्या हुतात्म्यांच्या यादीत घेतली जात असल्याचे जाहीर केले. पंधरा शतके वेगळ्या राहिलेल्या मंडळीच्या माणसांना आपले हुतात्मे म्हणणे, हे कोणत्याही संयुक्त निवेदनापेक्षा मोठे पाऊल आहे.

त्यांच्या कुटुंबांचे दुःख यामुळे कमी होत नाही आणि त्यांच्या मरणाला कोणी सोयीचे उत्तरही देऊ नये. योहानाच्या त्या अध्यायात येशू मागतो ती राखण जगाबाहेर नेणारी नव्हती, हे इथे पुन्हा आठवावे लागते. ज्याने ती मागितली तोही दुसऱ्या दिवशी वाचला नाही, आणि ज्यांच्यासाठी मागितली त्यांतले बहुतेक शिष्य परंपरेनुसार हुतात्मे झाले. तरी पहिल्या मंडळ्यांनी ती प्रार्थना अपुरी राहिली असे म्हटले नाही. दुष्ट त्यांना एकमेकांपासून आणि पित्यापासून तोडू शकला नाही, एवढ्यावर त्यांनी ती पूर्ण झाली असे मानले. २०१८ च्या ऑक्टोबरात पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिकांना महिनाभर रोज जपमाळेच्या शेवटी दोन प्रार्थना जोडायला सांगितल्या : मँचेस्टरच्या तुकड्यावरची ती प्राचीन विनवणी आणि संत मायकलकडे मागितलेले रक्षण. देवापासून आणि परस्परांपासून तोडू पाहणाऱ्या सैतानापासून मंडळीला राखावे, हे त्यांनी दिलेले कारण होते.

पुढील पाने वाचणाऱ्याच्या हाती अजून न सुटलेले बरेच काही आहे. प्रभुभोजनाचे मेज अद्याप एक नाही. नवरा कॅथलिक आणि बायको चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची अशी मुंबई-पुण्यातली घरे रविवारी सकाळी आजही दोन दिशांना जातात. नव्या स्वतंत्र मंडळ्या आणि जुन्या मंडळ्या एकमेकांकडे संशयाने पाहतात. जानेवारीच्या आठवड्यात पहिल्या दिवशी देऊळ भरते आणि चौथ्या दिवशी पहिल्या दोन रांगा उरतात. ज्या पाळकाला आणि ज्या धर्मगुरूला हे खटकते त्यांनी हेर्नहूटची रीत आपल्या वस्तीत करून पाहायला हरकत नाही : चार मंडळ्यांतली चोवीस माणसे, प्रत्येकी एक तास, आणि प्रत्येकाच्या हाती आपल्या नव्हे तर शेजारच्या मंडळीतल्या आजाऱ्यांची, तुरुंगात असलेल्यांची, बेकारांची, भांडून वेगळे झालेल्यांची यादी. याद्या दर महिन्याला बदलाव्यात आणि त्या द्यायला एकाने दुसऱ्याच्या दारी स्वतः जावे.